उभ्या ओळीतली माणसे: मुरगाव रेल्वेच्या जुन्या फोटोंची पार्श्वभूमी

कुळे, सावर्डे, वास्को या पट्ट्यात रेल्वेतल्या माणसांचे जुने फोटो अजून घरोघरी सापडतात. इंजिनापुढे खुर्च्यांवर साहेब आणि स्टेशन मास्तर, मधोमध हार घातलेला निवृत्त होणारा ड्रायव्हर, मागे उभे फायरमन, रुळांचे सांधे बदलणारे पॉइंट्समन, रूळ सांभाळणारे गँगमन. 'यातल्याच आमच्या आजोबांनी दूधसागरचा घाट बांधला' असे घरात अभिमानाने सांगतात. तो अभिमान रास्त आहे, पण काळ जुळत नाही.

१८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारातून मुरगाव बंदर ते सीमेवरचे कॅसलरॉक हा मीटरगेज (एक मीटर रुंदीच्या रुळांचा) मार्ग निघाला आणि घाटाचे काम १८८०च्या दशकात झाले. फोटोतला, १९५० च्या आसपास निवृत्त झालेला माणूस तेव्हा जन्मलाही नव्हता. त्याने घाट बांधला नसेल, सांभाळला मात्र नक्की. तीव्र चढाच्या त्या घाटात पावसाळ्यात दरडी कोसळत असताना रूळ तपासत फिरणे हे काही कमी काम नव्हते.

१९०२ साली मार्गाचा कारभार सदर्न मराठा रेल्वेकडे गेला. १९०८ मध्ये तिची एम. अँड एस. एम. (मद्रास अँड सदर्न मराठा) रेल्वे झाली. रूळ पोर्तुगीज मुलखात, गाड्या चालवणारी कंपनी ब्रिटिश हिंदुस्थानातली! म्हणून टोपीवरची अक्षरे भिंगातून पाहावीत. 'एम. अँड एस. एम.' असेल तर गणवेश १९०८ ते १९५१ मधला. १९५१ मध्ये ही रेल्वे सदर्न रेल्वेत विलीन झाली. इंजिनाचे तोंड दिसत असेल तर बफर (धक्का झेलणारा भाग) पाहा: मीटरगेजला मधोमध एकच, जास्त रुंद रुळांच्या ब्रॉडगेजला दोन बाजूंना दोन. या मार्गावर ब्रॉडगेज १९९०च्या दशकात आले, त्यामुळे दोन बफर दिसले तर जुना फोटो दुसऱ्याच कुठल्या तरी मार्गावरचा.

ऑगस्ट १९५५ मध्ये सत्याग्रहींवर गोळीबार झाला, भारताने सीमा बंद केली आणि कॅसलरॉकपलीकडची वाहतूक थांबली. ती पुन्हा जुळली १९६१ च्या मुक्तीनंतर. या मधल्या वर्षांत कोण कुठे राहिला, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आत्ताच विचारून घ्यावे.

चौकट उघडून पुठ्ठ्याच्या मागे स्टुडिओचा शिक्का आहे का पाहावे. नावे मऊ पेन्सिलने वेगळ्या कागदावर लिहावीत आणि सुरुवात उभ्या ओळीपासून करावी. साहेबांची नावे कुठल्या ना कुठल्या दप्तरात मिळतील. गँगमनचे नाव बहुधा फक्त त्याच्या नातवंडांनाच ठाऊक असते.