सायाबुरी धरण

सायाबुरी धरण : लाओसच्या सायाबुरी प्रांतात मेकाँग नदीवर बांधलेला १,२८५ मेगावॉट क्षमतेचा जलविद्युत प्रकल्प. चीनची हद्द ओलांडल्यानंतर मेकाँगच्या मुख्य पात्रावर उभे राहिलेले हे पहिले धरण. ते लुआंग प्राबांग या जुन्या राजधानीच्या खालच्या अंगाला आहे. उंची सुमारे ३२ मी., लांबी ८२० मीटर. पाणी वर्षभर साठवण्याऐवजी आले तसे जनित्रांवरून पुढे सोडायचे, अशा प्रकारात त्याची गणना होते. बांधकाम नोव्हेंबर २०१२ मध्ये समारंभपूर्वक सुरू झाले आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली.

धरण लाओसचे म्हटले, तरी ही मालकी बरीचशी कागदावरची. आठ जनित्रांपैकी १७५ मेगावॉटची सात थायलंडच्या सरकारी वीज मंडळासाठी चालतात आणि ६० मेगावॉटचे उरलेले एक लाओससाठी. म्हणजे सुमारे ९५ टक्के वीज सीमेपलीकडे जाते. बांधकाम कंपनी थाई आहे, कर्ज थाई बँकांचे आहे, शिवाय सल्लागार आणि यंत्रसामग्रीचे पुरवठादार युरोपातले. पात्र आणि गावे मात्र लाओसची, आणि नदी पुढे थायलंड, कंबोडिया व व्हिएतनाममधून जाते. नुकसान झाले तर दाद कोणाकडे मागायची, या प्रश्नाला म्हणूनच सरळ उत्तर मिळत नाही. सायाबुरीचे नाव जगभर झाले ते विजेपेक्षा या गुंत्यामुळे.

कंबोडिया, लाओस, थायलंड आणि व्हिएतनाम या चार देशांनी १९९५ मध्ये मेकाँग करार केला. मुख्य पात्रावर काही बांधायचे असेल तर शेजाऱ्यांना आगाऊ कळवून त्यांच्याशी सल्लामसलत करावी, असे त्यात ठरले. चीन आणि म्यानमार या कराराबाहेर राहिले. करारात मेख अशी की, सल्लामसलत बंधनकारक आहे, पण नकाराधिकार कोणालाच नाही. लाओसने सप्टेंबर २०१० मध्ये सायाबुरीचा प्रस्ताव या कराराने स्थापन झालेल्या चार देशांच्या मेकाँग नदी आयोगापुढे ठेवला. त्याच वर्षी आयोगासाठी झालेल्या एका व्यापक पर्यावरणीय अभ्यासाने मुख्य पात्रावरील धरणांचे निर्णय दहा वर्षे लांबणीवर टाकण्याची शिफारस केली होती. एप्रिल २०११ च्या बैठकीत एकमत झाले नाही आणि व्हिएतनामने दहा वर्षे थांबण्याचाच आग्रह धरला. डिसेंबरमध्ये आणखी अभ्यास करण्याचे ठरले, पण त्याआधीच ऑक्टोबरमध्ये वीजखरेदीचा करार होऊन गेला होता. प्रकल्पाच्या पर्यावरणीय अहवालात तर धरणाखालच्या जेमतेम १० किमी. पट्ट्याचा विचार होता. ज्या नदीत मासे शेकडो किलोमीटर स्थलांतर करतात, तिच्याबाबतीत हे अंतर हास्यास्पद म्हणावे लागेल.

धरणासाठी सुमारे २,१०० लोकांना हलवावे लागले. मोठ्या धरणांच्या मानाने हा आकडा लहान आहे आणि प्रकल्पाच्या बाजूने तो वारंवार पुढे केला जातो. परंतु नदीकाठची उपजीविका घराच्या मोजमापात बसत नाही. उन्हाळ्यात पाणी ओसरले की काठच्या गाळपेरात भाजीपाला आणि शेंगदाणा घेतला जातो. उथळ पाण्यातल्या खडकांवर वाढणारे ‘काय’ नावाचे शेवाळ बायका हाताने खुडून धुतात, तीळ-लसूण लावून पापडासारखे पातळ वाळवतात आणि बाजारात विकतात. पाणी कधी चढेल आणि कधी उतरेल याचा भरवसा उरला नाही की ही सगळी कामे अडतात. त्यांची भरपाई कोणत्याही पंचनाम्यात सहसा येत नाही.

लाओसमध्ये सरकारी प्रकल्पाविरुद्ध उघड बोलणे जोखमीचे. डिसेंबर २०१२ मध्ये सोंबाथ सोंफोन हे मॅगसेसे पुरस्कारप्राप्त समाजकार्यकर्ते लाओसची राजधानी व्हिएन्टिअनमधून बेपत्ता झाले आणि आजवर सापडलेले नाहीत. त्यांचा सायाबुरीशी थेट संबंध नव्हता, पण त्यानंतर तिथला आवाज आणखी दबला. कोर्टाची पायरी चढले ते पलीकडच्या काठावरचे लोक. मेकाँगकाठच्या आठ थाई प्रांतांतील गावकऱ्यांनी ऑगस्ट २०१२ मध्ये प्रशासकीय न्यायालयात दावा लावला. धरण परक्या देशात असल्याने त्यांनी बोट ठेवले ते आपल्याच वीज मंडळाच्या खरेदी करारावर. खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला, पण जून २०१४ मध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने तो काही मुद्द्यांपुरता दाखल करून घेतला. सीमेपलीकडच्या नुकसानीबद्दल स्वतःच्या सरकारला जाब विचारता येतो, एवढे त्यामुळे मान्य झाले. निकाल मात्र विरोधात गेला: २०१५ मध्ये आणि अखेर ऑगस्ट २०२२ मध्ये अपिलातही. तोपर्यंत धरण तीन वर्षे वीज देत होते.

टीकेनंतर कंपनीने आराखड्यात बदल केले: मासे वर चढण्यासाठी जिना, त्यांना उचलून नेणारे पाळणे, गाळ वाहून जाण्यासाठी खोल दरवाजे. मेकाँगमध्ये माशांच्या शेकडो जाती आहेत. ‘प्ला बुक’ हा महाकाय मार्जारमीन (कॅटफिश) अडीच मीटरहून लांब होतो, तर काही मासे बोटभरच. या सर्वांना एकच जिना कसा पुरणार, ही शंका मत्स्यतज्ज्ञांनी सुरुवातीपासून घेतली होती.

जुलै २०१९ मध्ये जनित्रांच्या चाचण्या सुरू असतानाच नदी विक्रमी खाली गेली. पाऊस लांबला होता, चीनमधल्या जिंगहोंग धरणानेही विसर्ग कमी केला होता. त्यामुळे एकट्या सायाबुरीवर खापर फोडणे योग्य नाही. तरीही थायलंडला चाचण्या थांबवण्याची विनंती लाओसला करावी लागली. त्याच वर्षाच्या अखेरीस ईशान्य थायलंडमध्ये एरवी तांबूस-तपकिरी दिसणारी मेकाँग निळीशार झाली. पर्यटकांनी फोटो काढले, पण पाणी नितळ होणे म्हणजे गाळ वर अडकणे. असे पाणी काठ आणि तळ खरवडते आणि खाली व्हिएतनामच्या त्रिभुज प्रदेशाला सुपीक माती पोहोचत नाही. जाळ्यांत मासळीऐवजी शेवाळ येऊ लागल्याची तक्रार मच्छीमारांनी केली.

सायाबुरीमागोमाग लाओसच्या दक्षिण टोकाला डॉन साहोंग हा २६० मेगावॉटचा प्रकल्प सुरू झाला. त्याची बरीचशी वीज कंबोडियाला जाते. लुआंग प्राबांग शहराच्या वरच्या बाजूला १,४६० मेगावॉटच्या धरणाचे कामही हाती घेतले गेले. हे शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असल्याने त्या धरणावरून वेगळा वाद आहे. त्याचीही बहुतेक वीज थायलंडच घेणार आहे.