हवाई अंतर व उड्डाणकाल

दोन शहरांच्या विमानतळांना जोडणाऱ्या बृहद्वृत्ताचा (पृथ्वीकेंद्र हेच ज्याचे केंद्र, अशा वर्तुळाचा) लहान कंस म्हणजे त्यांच्यातील हवाई अंतर. पृथ्वीगोलावर दोरा ताणून धरला की तो याच कंसावर बसतो. मर्केटरच्या नकाशावर (१५६९) हा मार्ग बहुधा ध्रुवाकडे फुगलेला दिसतो. तिथे सरळ दिसते ती रेखावृत्तांना एकाच कोनात छेदणारी ऱ्हंब रेषा. हा भेद पोर्तुगीज गणिती पेद्रू नुनेश यांनी १५३७ मध्ये मांडला.

अंतर काढताना दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार, आणि त्यांच्या कोसाइनचा व रेखांशांतील फरकाच्या कोसाइनचा गुणाकार, यांची बेरीज करतात. ती पृथ्वीकेंद्राशी होणाऱ्या कोनाची कोसाइन असते. लंडन (हीथ्रो) ते न्यूयॉर्क (जेएफके) हा कोन ४९.८३° येतो. एका अंशाला १११.१९ किमी धरल्यास अंतर सुमारे ५,५४० किमी, म्हणजे २,९९० सागरी मैल भरते. ऱ्हंब रेषेने हेच अंतर सुमारे २२० किमीने वाढते.

बिंदू जवळ असले की कोसाइन १ ला भिडते आणि मोजक्या दशांशस्थळांत कोन हरवतो. म्हणून हॅव्हरसाइनचे (१ मधून कोसाइन वजा करून उरलेल्याच्या निम्म्याचे) सूत्र आले. त्याचे श्रेय बहुधा इंग्रज गणिती जेम्स इनमन यांना देतात. १८३५ मधील ही संज्ञा त्यांचीच. पण स्पॅनिश खगोलज्ञ मेन्दोसा इ रिओस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच हे तत्त्व वापरलेले दिसते, आणि जेम्स अँड्र्यू यांची हॅव्हरसाइनची कोष्टके १८०५ ची आहेत. त्यामुळे इनमन यांनी फक्त नाव दिले, हे म्हणणे अधिक सयुक्तिक. हॅव्हरसाइन म्हणजे भारतीय ज्योतिषाच्या सिद्धान्तग्रंथांतील उत्क्रमज्येची निमपट. दूरच्या शहरांना ही अडचण येत नाही. तिथे पृथ्वीचा चपटेपणा नडतो. गोल धरल्याने सुमारे अर्ध्या टक्क्यापर्यंत चूक होते. व्हिन्सेंटी यांची रीत (१९७५) ती दूर करते, मात्र जवळजवळ प्रतिध्रुवस्थ (पृथ्वीच्या नेमक्या विरुद्ध टोकांच्या) बिंदूंना तिचे उत्तर स्थिरावत नाही.

अंतर ठरलेले, वेळ नव्हे. विमानाचा हवेतील वेग ताशी ९०० किमी आणि पश्चिमेकडून वारा ताशी १०० किमी धरला, तर वरील अंतर पूर्वेकडे ५ तास ३२ मिनिटांत आणि पश्चिमेकडे ६ तास ५५ मिनिटांत कापले जाईल. दोन्हींची बेरीज वारा नसतानाच्या फेरीपेक्षा सुमारे ९ मिनिटांनी जास्त, कारण विरुद्ध वाऱ्यात विमान अधिक वेळ राहते. पश्चिमेकडे गमावलेली वेळ पूर्वेकडे वाचलेल्या वेळेने पुरती भरून निघत नाही. जेट प्रवाहामुळे (उंचावर पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यामुळे) पूर्वेकडे जाताना मुद्दाम लांबचा मार्गही घेतला जातो. बंद हवाई क्षेत्रे आणि दोन इंजिनांच्या विमानांना लागू असलेली पर्यायी विमानतळापर्यंतच्या वेळेची मर्यादा, यांनीही मार्ग वळतो.

वेळापत्रकातील काळ हा ब्लॉक टाइम असतो: चाकांखालचे ठोकळे काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा. धावपट्टीपर्यंतची वाट, चढाव, उतार सारे त्यात येते. म्हणून अंतराला वेगाने भागून आलेले उत्तर बहुधा तोकडे पडते. सुटण्याची व पोहोचण्याची वेळ स्थानिक असते. दोन्ही आधी यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) आणूनच वजाबाकी करावी. उन्हाळी वेळ (उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे करण्याची पद्धत) अनेकदा दोन देशांत वेगवेगळ्या तारखांना बदलते, त्या आठवड्यांत इथे तासाभराची चूक हमखास होते.