बेचाळीस किलोमीटर आणि शरीराचा शिधा

चैत्रात धुळे-जळगावकडून सप्तशृंगी गडावर पायी निघालेला भाविक दिवसाला तीस किलोमीटरही चालतो, दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा चालू लागतो, आणि त्याच्या गळ्यात कोणी पदक घालत नाही. मग मॅरेथॉन पुरी करणाऱ्याचे एवढे कौतुक कशासाठी, ही शंका आमच्याच घरात निघाली होती आणि ती रास्त आहे.

अंतराच्या आकड्यात तर काहीच शास्त्र नाही. १८९६ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत सुमारे ४० किलोमीटरची होती. १९०८ मध्ये लंडनला ती विंडसर किल्ल्यापासून स्टेडियममधील राजघराण्याच्या कक्षासमोरपर्यंत आखली गेली आणि तेच ४२.१९५ किलोमीटर १९२१ मध्ये कायम झाले. जळगावहून भुसावळ गाठून परतीचा अर्ध्याहून अधिक रस्ता कापावा, एवढे हे अंतर.

खरा फरक वेगाचा आहे. चालताना स्नायू मुख्यतः चरबी जाळतात, आणि ती सडपातळ माणसाकडेही कित्येक दिवस पुरेल एवढी असते. पळताना मात्र ऊर्जा इतक्या झपाट्याने लागते की चरबी मागे पडते आणि ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, अधिकाधिक खर्ची पडते. हा शिधा यकृतात सुमारे १०० ग्रॅम आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम, म्हणजे जेमतेम २,००० किलोकॅलरींचा. एक किलोमीटर पळायला वजनाच्या दर किलोमागे साधारण एक किलोकॅलरी लागत असल्याने ६० किलोच्या माणसाचा एकूण खर्च अडीच हजारांवर जातो. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास धावपटू ज्याला ‘वॉल’, म्हणजे भिंत, म्हणतात ती इथेच उभी राहते: पायांतले बळ एकाएकी संपते. गंमत अशी की तेव्हाही दंडाच्या स्नायूंत साखर शिल्लक असते, पण ती रक्तात सोडण्यासाठी लागणारे विकर (एन्झाइम) स्नायूंकडे नसल्यामुळे पायांना तिचा उपयोग होत नाही. वाटेत खाल्लेले एक केळे शंभरेक किलोकॅलरी देते. आपल्याकडे केळ्यांना तोटा नाही, पण पळताना पोटाचे रक्त पायांकडे वळलेले असते आणि पचवण्याला मर्यादा येते.

उरला उन्हाचा प्रश्न. ताशी १० किलोमीटरने पळणाऱ्या त्याच माणसाच्या तासाला खर्च होणाऱ्या ६०० किलोकॅलरींपैकी सुमारे तीन चतुर्थांश नुसती उष्णता होते, आणि ती घालवायला तासाला पाऊण लिटर घाम वाळावा लागतो. ठिबकून पडलेला घाम हिशेबात धरायचा नाही. खानदेशातील कोरड्या हवेत तो भराभर वाळतो खरा, पण जळगावच्या मेहरूण तलावाभोवती एप्रिलमध्ये पळून आल्यावर काळ्या बनियनवर उमटलेले मिठाचे पांढरे ओघळ पाहिले की नुसते पाणी पिऊन का भागत नाही, ते कळते.

तेव्हा शर्यत पुरी होणे हा असामान्य शरीराचा पुरावा नव्हे. निरोगी माणसाला चार-पाच महिन्यांच्या सरावाने ते जमते, आणि सहा तासांत, बरेचसे चालत संपवलेली मॅरेथॉन शरीराच्या दृष्टीने गडाच्या वाटेला अधिक जवळची आहे. माझ्या मते दाद द्यायची ती त्या महिन्यांना. त्या काळात स्नायूंतील केशवाहिन्या आणि मायटोकॉन्ड्रिया, म्हणजे पेशींतील ऊर्जा तयार करणारे घटक, वाढतात, त्यामुळे त्याच वेगाला चरबीचा वाटा वाढून शिधा पुढे पुरतो; परीक्षेच्या आदल्या रात्रीची घोकंपट्टी इथे चालत नाही.

एवढे करूनही माझ्या मॅरेथॉनच्या दुसऱ्या दिवशी मी घराचा जिना कठडा धरून उलटा उतरलो. प्रत्येक पावलाला शरीराचा भार झेलताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आकुंचन पावतो, त्यात त्याचे तंतू सूक्ष्म प्रमाणात फाटतात, आणि पायरी उतरताना नेमके तेच काम त्याला पुन्हा करावे लागते.