हवा कोंडली की घट्ट होणारा गोंद

मोटारसायकलचा एखादा स्क्रू उघडला की कधीकधी त्याच्या आट्यांत निळी किंवा लाल भुकटी अडकलेली दिसते. बरेच जण ती घाण समजून पुसून टाकतात. वर्कशॉपमध्ये तिला सरसकट 'लॉकटाइट' म्हणतात. ब्रँड कुठलाही असो, हा अ‍ॅनेरोबिक गोंद आहे, म्हणजे हवा नसताना घट्ट होणारा.

फेव्हिकॉल पाणी उडून गेल्यावर सुकतो. हा गोंद मात्र उघड्यावर कितीही वेळ ठेवला तरी पातळच राहतो आणि नट-बोल्टच्या फटीत शिरला की दगडासारखा होतो. त्यातले मेथाक्रिलेटचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायला टपलेले असतात, पण हवेतला ऑक्सिजन साखळी सुरू होताच तिला अडवतो. आटे घट्ट बसले की आत नवी हवा येत नाही. धातूच्या पृष्ठभागावरचे लोखंडाचे किंवा तांब्याचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, गोंदातल्या पेरॉक्साइड या साखळी सुरू करणाऱ्या रसायनाला फोडतात आणि साखळ्या भराभर वाढतात.

पूर्वी असं रेझिन, म्हणजे गोंदाचा मूळ द्रव, पातळ ठेवायला त्यातून सतत हवा सोडावी लागे. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ मध्ये ते बाटलीत टिकेल असं करून दाखवलं. आजही या गोंदाची बाटली मुद्दाम पूर्ण भरत नाहीत. तिचं प्लास्टिकही हवा झिरपू देणारं असतं.

नट मुळात ढिला का होतो? गेरहार्ड युंकर या अभियंत्याने १९६९ मध्ये दाखवलं की बोल्टच्या लांबीला आडवे बसणारे हादरे खरे घातक. त्या हादऱ्यांनी आटे किंचित सरकतात, घर्षणाची पकड सुटते आणि नट आपोआप फिरू लागतो. गोंद आट्यांमधली ती मोकळी जागाच भरून टाकतो, मग सरकायला वाव उरत नाही. नट ढिला होऊ नये म्हणून त्याखाली घालतात त्या स्प्रिंग वॉशरवर आपण जितका भरवसा ठेवतो, तितकी त्याची लायकी नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शाफ्टवर बेअरिंग बसवताना तर हा गोंद फारच कामाचा. प्रेस-फिटमध्ये शाफ्ट भोकापेक्षा किंचित जाड ठेवून दाबून बसवतात. त्यात बेअरिंगच्या कडीवर ताण येतो, शिवाय लेथच्या टूलच्या बारीक रेघांमुळे धातू धातूला सगळीकडे टेकतही नाही. गोंद वापरला तर हाताने सरकेल इतकी, काही शतांश मिलिमीटरची फट पुरते. त्या रेघांमधल्या खाचाही भरतात आणि भार सगळीकडे सारखा वाटला जातो. फट मोठी झाली की मात्र जोड कच्चा राहतो.

लावण्याआधी तेल-ग्रीस अ‍ॅसिटोनने साफ करायलाच हवं. स्टेनलेस स्टील किंवा जस्ताचा मुलामा असेल तर गोंद सावकाश धरतो, म्हणून आधी गोंद लवकर धरायला लावणारा अ‍ॅक्टिव्हेटर मारतात. लाल, म्हणजे जास्त ताकदीच्या गोंदाने पक्का बसलेला बोल्ट पान्याला दाद देत नाही. तो साधारण २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून गरम असतानाच फिरवावा लागतो. आणि पॉलिकार्बोनेट किंवा अ‍ॅक्रिलिकसारख्या प्लास्टिकच्या भागांजवळ हा गोंद नेऊच नये, त्यांना तडे जातात.