पिरॅमिड ज्यू गुलामांनी बांधले का?

‘इजिप्तचे पिरॅमिड ज्यू गुलामांनी बांधले’ हा फॉरवर्ड जुनाच. गैरसमज साहजिक आहे. ज्यूंचे पूर्वज, म्हणजे इस्रायली लोक, इजिप्तमध्ये गुलाम होते अशी बायबलमध्ये कथा आहे. आणि इजिप्त म्हटलं की डोळ्यांपुढे पिरॅमिडच येतो.

आधी काळ पाहा. गिझाचा मोठा पिरॅमिड इ.स.पू. २५६०च्या सुमाराचा. बायबलबाहेर ‘इस्रायल’चा पहिला सर्वमान्य उल्लेख इजिप्तचा फारो (राजा) मेर्नेप्ताह याच्या शिलालेखात, साधारण इ.स.पू. १२०८चा. म्हणजे मध्ये जवळपास साडेतेराशे वर्षं!

आता मराठी बायबलमध्ये ही कथा सांगणाऱ्या ‘निर्गम’ या पुस्तकातलं १:११ (अध्याय १, वचन ११) उघडा. तिथे इस्रायली लोक पिथोम आणि रामसेस ही कोठारांची नगरं बांधतात. तीन वचनं पुढे काम चिखल-विटांचं असल्याचंही येतं. पिरॅमिडचं नाव नाही. गिझाचा पिरॅमिड तर मुख्यतः चुनखडीचा. शिवाय तो बांधणाऱ्या मजुरांच्या कबरी जवळच सापडल्या आहेत, पाव-बिअरच्या भांड्यांसह. राजाच्या समाधीशेजारी गुलामांना अशी जागा मिळणं अवघडच.