ॲमिओडॅरोन आणि थायरॉईड-तपासणी

हृदयाची बिघडलेली लय ताळ्यावर ठेवण्यासाठी ॲमिओडॅरोन घेणाऱ्या रुग्णांच्या थायरॉईड ग्रंथीवर ठेवायची नियमित नजर. या औषधाच्या वजनात सुमारे ३७ टक्के आयोडीन असते. २०० मिग्रॅ.च्या एका गोळीतून शरीरात रोज अंदाजे ६ ते ७ मिग्रॅ. आयोडीन मोकळे होते. प्रौढाची रोजची गरज १५० मायक्रोग्रॅम. एका गोळीत सुमारे चाळीस दिवसांचा पुरवठा! त्यामुळे घरातले आयोडीनयुक्त मीठ बंद करून काही साधत नाही, उलट लेकरांचे व गरोदर बाईचे नुकसान होते.

आयोडीन पुरेसे मिळणाऱ्या प्रदेशांत ग्रंथी मंदावण्याचे, तर कमतरतेच्या प्रदेशांत ती अतिक्रियाशील होण्याचे प्रमाण अधिक आढळते. अतिक्रियेचे दोन प्रकार मानतात: पहिल्यात मुळातच सदोष ग्रंथी जास्तीच्या आयोडीनमुळे अधिक संप्रेरक बनवते, दुसऱ्यात औषधाने ग्रंथीला दाह होऊन साठवलेले संप्रेरक गळते. पहिल्यावर कार्बिमॅझोलसारखी संप्रेरकनिर्मिती रोखणारी औषधे, दुसऱ्यावर दाह कमी करणारे स्टेरॉईड. रक्तप्रवाह दाखवणाऱ्या डॉप्लर सोनोग्राफीत पहिल्यात रक्तप्रवाह वाढलेला, दुसऱ्यात नगण्य दिसतो. मात्र मिश्र रूपेही आढळतात, त्यामुळे ही विभागणी काटेकोर न मानणेच योग्य.

औषध सुरू करण्यापूर्वी टीएसएच (थायरॉईडला चालना देणारे पिट्युटरी ग्रंथीचे संप्रेरक) व फ्री टी-४ (रक्तातले मोकळे थायरॉईड संप्रेरक), शक्य असल्यास अँटी-टीपीओ (थायरॉईडविरोधी प्रतिपिंडे) या रक्ततपासण्या. पुढे तीन महिन्यांनी आणि नंतर दर सहा महिन्यांनी टीएसएच व फ्री टी-४ तपासतात. टी-४ चे टी-३ मध्ये, म्हणजे अधिक प्रभावी संप्रेरकात, रूपांतर औषधाने अडते, म्हणून पहिल्या तीन महिन्यांत टीएसएच थोडे चढणे अपेक्षितच. लक्षणे नसल्यास तेवढ्यावर घाईने थायरॉक्सिन (टी-४ ची गोळी) सुरू करू नये. औषध चरबीत साठून आठवडे-महिने रेंगाळत असल्याने ते थांबल्यावरही सुमारे वर्षभर तपासणी चालू ठेवावी.

विदर्भातील खेड्यांत पेरणीआधी व दिवाळीनंतर अशी सहा महिन्यांची सांगड घातल्यास तपासणी चुकत नाही. वैशाखात वजन उतरणे, घाम, धडधड ही अतिक्रियेची लक्षणे ‘ऊन लागल्याची’ समजली जातात. ग्रंथी मंदावल्याने कापूस वेचणीत येणारा थकवा, बद्धकोष्ठ व सूज कामाच्या माथी मारली जाते. बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारे औषध) चालू असल्यास अतिक्रियेतली धडधड व कापरे झाकले जातात. आटोक्यात असलेली लय पुन्हा बिघडली तर प्रथम टीएसएच पाहावे. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिन घेणाऱ्यांत अतिक्रियेमुळे रक्त आणखी पातळ होते. आयएनआर (रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचे माप) लगेच तपासावा. ॲमिओडॅरोनची गोळी स्वतःहून बंद करू नये. ग्रंथी मंदावल्यास बहुधा ॲमिओडॅरोन चालू ठेवून थायरॉक्सिन देतात; ते सकाळी उपाशीपोटी, चहाच्या किमान अर्धा तास आधी घ्यावे.