टायलिन म्हणा नाहीतर अमायलेज, लाळेच्या या कामाला नाव मिळायला उशीर का झाला

परवा भाची विज्ञानाचं पाठ करत बसली होती, लाळेतल्या अमायलेजमुळे पिष्टमय पदार्थांचं माल्टोज शर्करेत रूपांतर होतं वगैरे, आणि बाबांनी पेपरातून डोकं वर न काढताच सांगितलं, "टायलिन म्हण, टायलिन." ती म्हणाली, "आबा, असलं काही नसतंच." झालं, पानं वाढेपर्यंत वाद. खरं म्हणजे दोघंही बरोबर, विकर (म्हणजे एन्झाइम, शरीरातले रासायनिक बदल घडवून आणणारा पदार्थ) एकच, बाबांच्या वेळी टायलिन शिकवायचे आता अमायलेज शिकवतात. पण ही नावं आली कुठून हे शोधायला लागलं की कळतं, पचन तोंडातच सुरू होतं ही साधी गोष्ट शास्त्राला बऱ्याच उशिरा सापडली, आणि सापडली तीही आडवाटेनं.

कारण सगळ्यांचं लक्ष पोटाकडे होतं, आणि त्यातही मटणाकडे. 1752 मध्ये फ्रान्सच्या रेओम्यूरनं पाळलेल्या घारीला धातूच्या छोट्या नळ्यांत मांस भरून गिळायला लावलं, घार न पचलेलं ओकून टाकते त्यामुळे नळ्या आपोआप परत मिळायच्या, आणि आतलं मांस विरघळायला लागलेलं दिसायचं. पुढे इटलीच्या स्पालान्झानीनं तर अन्न भरलेल्या कापडी पिशव्या स्वतःच गिळल्या (हौस बघा). यातून जठररसाचं काम पक्कं झालं, पण लाळ म्हणजे घास ओला करणारं पाणी एवढंच डोक्यात राहिलं.

आता यातली मजा अशी की लाळेनं पिठाची साखर होते हे जगात बऱ्याच जणांना आधीपासून हातचं माहीत होतं. अँडीज पर्वतातल्या बायका मक्याचं पीठ तोंडात घोळवून त्याचे गोळे काढायच्या आणि त्याची चिचा नावाची दारू करायच्या, जपानमध्येही तांदूळ चावून दारू करायची जुनी पद्धत होती. यीस्टला, म्हणजे दारू आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाला, नुसता स्टार्च (पिठातला पिष्टमय भाग) खाता येत नाही, त्याला साखर लागते, आणि ती साखर लाळ करून देते. का होतं ते त्यांना माहीत नसेल, पण काय होतं ते पक्कं माहीत होतं. याला संशोधन म्हणायचं नाही तर काय, असं मला तरी वाटतं.

युरोपात हे आलं ते साखरेच्या भावामुळे. नेपोलियनच्या नाकेबंदीत उसाची साखर महागली, पर्याय शोधायची धडपड सुरू झाली, त्या काळात 1811 मध्ये सेंट पीटर्सबर्गला किर्खहोफनं स्टार्च ॲसिडमध्ये उकळून साखर केली. 1814 मध्ये आयोडीन टाकलं की स्टार्च निळा होतो हे कळलं, तोच प्रयोग आपण शाळेत बटाट्यावर करतो. म्हणजे स्टार्च आहे की संपला हे आता डोळ्यांनी दिसायला लागलं. मग 1831 मध्ये जर्मनीत लॉइक्सनं स्टार्चची खळ आणि लाळ एकत्र केली तर खळ पातळ झाली आणि गोड लागली. लाळेतल्या या पदार्थाचं टायलिन हे नाव ग्रीकमधल्या थुंकीच्या शब्दावरून आलंय, म्हणजे सरळ मराठीत थुंकीन म्हणा.

पण नाव झालं ते दुसऱ्यांचंच. 1833 मध्ये पायेन आणि पेर्सो या फ्रेंच जोडीनं मोड आलेल्या बार्लीच्या अर्कात अल्कोहोल ओतून खाली बसणारा पांढरा पदार्थ वेगळा केला, तो स्टार्च फोडायचा, त्याला त्यांनी डायास्टेज म्हटलं. आज एन्झाइमच्या नावांमागे जे 'एज' लागतं ते इथूनच आलं, आणि स्टार्चचं लॅटिन नाव अमायलम, म्हणून अमायलेज. 1845 मध्ये मियाल नावाच्या पॅरिसच्या औषधवाल्यानं तीच अल्कोहोलची युक्ती लाळेवर केली आणि तसाच पदार्थ मिळाला. म्हणजे मोडात जे काम चालतं त्याच जातीचं तोंडात चालतं. आपल्याकडे बाळाला नाचणीला मोड आणून सत्त्व करून देतात त्याची पेज पातळ आणि गोडसर का होते, तर हेच.

एन्झाइम हा शब्द मात्र त्यानंतर तीसेक वर्षांनी क्यूने या जर्मन शास्त्रज्ञानं काढला.

काम काय तर स्टार्च म्हणजे ग्लुकोजच्या लांबलचक माळा, अमायलेज त्या मधेमधे तोडतं, पण फांदी फुटते तिथला सांधा त्याला तोडता येत नाही, म्हणून माल्टोजबरोबर थोडे तुकडे उरतात ते पुढे आतड्यात बघितले जातात. कच्च्या तांदळाचे कण घट्ट असतात, शिजून फुगले की ते सोपं जातं. जठरातल्या ॲसिडनं हे काम थांबतं खरं, पण लगेच नाही, 1900 च्या सुमाराला हार्वर्डच्या कॅनननं मांजरांना बिस्मथ (एक्स-रेत उठून दिसणारा धातू) घातलेलं अन्न देऊन एक्स-रेखाली बघितलं तर जठराच्या वरच्या भागात अन्न बराच वेळ तसंच पडून राहतं, न ढवळता, तेवढ्या वेळात आत लाळेचं काम चालूच राहतं.

अलीकडची गोष्ट जनुकांची. 2007 मध्ये कळलं की लाळेतल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या जास्त स्टार्च खाणाऱ्या समाजांत सरासरीनं जास्त. चिंपांझीला दोनच. 2024 च्या एका अभ्यासानुसार या प्रती वाढायला सुरुवात आठ लाख वर्षांपूर्वीच झाली असावी, म्हणजे शेतीचा पत्ताही नव्हता तेव्हा.

आणि आमच्या गल्लीतला कुत्रा भाकरी न चावता गपकन गिळतो त्याला नावं ठेवू नका, त्याच्या लाळेत अमायलेज जवळपास नसतंच. त्याची सोय स्वादुपिंडात, तिथल्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा त्याच्याकडे कितीतरी जास्त आहेत, माणसाच्या उष्ट्यावर हजारो वर्षं काढली त्याची ही कमाई.